माझ्याविना उभे राहिलेले कागदी कुटुंब

मी गोविंद रामचंद्र शेलार, वय वर्षे एकोणऐंशी. तुम्हां मित्रांना हे ठाऊक आहेच; तरीही सांगतो, कारण गेल्या रविवारी माझ्याच घरात मला कोणी जमेस धरते की नाही, याची मला धास्ती वाटली.

माझी नात सई जाड कागद दुमडून, चिकटवून घरच्यांच्या चौकोनी ठोकळ्यांसारख्या बाहुल्या करीत होती. माझी पत्नी झाली, मुलगा झाला, सून झाली. पुढे इंदुरी गावाहून येऊन आमच्याकडे दूध घालणारे भाऊसुद्धा किटलीसह टेबलावर उभे राहिले. मी मात्र कुठेच नव्हतो. हातातल्या पुस्तकाचे तेच पान मी पुन्हा पुन्हा वाचत राहिलो.

अखेर विचारले, “सई, कागद संपला असेल, नाही का?”

“भरपूर आहे, आबा.”

“कोणी राहिले तर नाही ना?”

पत्नी स्वयंपाकघरातून ओरडली, “अहो, माझा ठोकळा कुठे आहे, असं सरळ विचारा की!”

सईने टेबलाखालून सदरा-धोतर रंगवलेले, बिनडोक्याचे धड काढले. “तुमचं एवढंच झालंय. डोकं अडलंय.”

“का बरे?”

“ठोकळ्यावर पुढून चेहरा काढायचा असतो. तुमच्या चेहऱ्यापुढे सारखं पुस्तक! तुमचं नाक कसं आहे, तेच मला आठवत नाही.”

“मलासुद्धा नाही गं!” आतून आवाज आला.

मी पुस्तक मिटून तिच्यासमोर ताठ बसलो.

तेव्हापासून संध्याकाळच्या चहाला मी पुस्तक घेऊन बसत नाही.