साय दादाच्या वाटीत

सकाळी सात वाजून दहा मिनिटं. सीपरी बाजार, आमचं स्वयंपाकघर. प्रमोदिनीनं, म्हणजे आमच्या हिनं, पातेल्यावरची साय झाऱ्यानं अलगद, एकाच तुकड्यात उचलली... आणि ठेवली कुठे? दादाच्या वाटीत! वर साखर! आणि खाली उरलेलं ते निळसर पाणी माझ्या कपात ओतून म्हणते, "अहो घ्या, गार होतंय." तुम्हाला सांगतो, त्याच्या आरपार पेपर वाचता येतो, छोट्या जाहिरातींसकट! याला दूध म्हणायचं? सपरेटा हो, सपरेटा!

दादा म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ, यज्ञेश्वर. वय ऐंशी. रेल्वेतून रिटायर होऊन जमाना झाला. दुपारी रबडी, संध्याकाळी चौकातल्या हलवायाच्या कढईतलं दूध, कुल्हडात, वर मलाई, "जरा हाथ खोल के, भैया!" आणि जिना असा चढतो की धाप जिन्याला लागावी! मी अडुसष्टचा, रोज फिरतो, मीठ चिमटीनं खातो... आणि मला काय? सपरेटा!

बरं, ही साय आली कुठून, विचारा ना! पूर्वी आमच्या दुधावर साय धरायचीच नाही, अर्धं नळाचंच ते! मी पेपरात भेसळीवर लेखमाला लिहिली, नावानिशी! धमक्या आल्या, सायकलची हवा काढली, हटलो नाही! तेव्हापासून आमचा दूधवाला मला म्हशीच्या वतीनंसुद्धा नमस्कार करतो, "पत्रकार साहब, एक बूँद पानी नहीं!" म्हणजे साय कोणाची? माझ्या लेखणीची! खातो कोण? दादा! आणि लेखणीला काय? सपरेटा!

गेल्या हिवाळ्यात डॉक्टर माझा रिपोर्ट बघून म्हणाले, "मलाई, मक्खन, घी, सब बंद." मी दादाकडे बोट दाखवलं, आणि यांचं? तर म्हणतात, "इनकी बात अलग है, ये पचा लेते हैं." अहो, हे शास्त्र आहे की वशिला? वर दादा मलाच शिकवतो, "दुधाला नावं ठेवू नकोस गजा, हड्डी त्याच्यानंच टिकते." हिनं मान डोलावली! बेरीसुद्धा गेली हो... तूप कढवल्यावर तळाशी उरते ना, ती, साखर घालून... लहानपणी आई ती फक्त मला द्यायची, कारण दादाला आवडायची नाही. आता आवडते! ऐंशीव्या वर्षी आवडायला लागली!

तरी वर्षभर, शपथेवर सांगतो, मी बोट बुडवलं नाही. परवा दोघांची तपासणी झाली. दादाचा रिपोर्ट लख्ख. आणि माझं कोलेस्टेरॉल... वाढलेलं! ही म्हणाली, "चोरून खाताय तुम्ही." चोरून! मी! आयुष्य चोर पकडण्यात गेलं माझं! डॉक्टरांना तोंडावर विचारलं, साय खाल्ली यानं, वाढलं माझं, कसं? डॉक्टर चष्मा पुसायला लागले. ही खिडकीबाहेर बघायला लागली. दादा तेवढा बोलला, "जलन से बढ़ता होगा, छोटे."

असू दे. आणा तो सपरेटा, पितो. पण साय गेली दादाच्या पोटात, ती माझ्या रक्तात निघाली कशी, याचं उत्तर अजून कोणीही दिलेलं नाही!