हंडाभर रिठे

मथुरा: अंगठा नाय लावायची. कागद तुमचा, शाई तुमची, अंगठा माझा.

हरिश्चंद्र: अगं, त्यात तुझ्याविरुद्ध काही नाही. एवढंच लिहिलंय, की चूक तुझी.

तात्या: हरिभाऊ, आधी वाचून तरी दाखवा तिला. नुसती शाईची डबी पुढे सरकवलीत तर मीसुद्धा लावणार नाही.

(मिरजोळे, रत्नागिरीपासून चालत तासाभरावर. तात्या आठल्ये यांची पडवी. झोपाळ्यावर तात्या, पूजा आटोपून सोवळ्याच्या रेशमी मुकट्यातच बसलेले. खुर्चीवर आंबा बागायत सुधारक मंडळीचे सेक्रेटरी हरिश्चंद्र. पायरीवर तात्यांच्या बागेची राखणदारीण मथुरा.)

हरिश्चंद्र: वाचतो. 'रविवार ता. ११ फेब्रुवारी १९३४ रोजी मिरजोळे येथे श्री. सखारामपंत आठल्ये यांच्या बागेत, मोहोरावरील तुडतुड्यांच्या बंदोबस्तासाठी, उंडीचे तेल व रिठ्याचे पाणी यांच्या इमल्शनची फवारणी चाळीस बागायतदारांसमक्ष करून दाखवण्यात आली. इमल्शन फुटून पाच कलमांचा मोहोर करपला. राखणदारीण मथुरा हिने हलगर्जीपणाने रिठे कमी घातल्याचे कबूल केले असून...'

मथुरा: कवा केला कबूल?

हरिश्चंद्र: अंगठा लावलास, की केलंस.

मथुरा: तात्यानू, हे शिकलेले मानूस. मी नाय केलेला कबूल आधी लिवून आनलानी, आता माझ्याकडनं करून घ्यायला बसलेत.

तात्या: दोन शेर रिठे मी स्वतः मापून दिले होते, हरिभाऊ. माझ्यासमोर बिया काढल्यान, टरफलं ठेचल्यान.

हरिश्चंद्र: तात्यासाहेब, मला कुणाशी वैर नाही. पण येत्या रविवारी सभा आहे. चाळीस माणसं कारण विचारणार. कारण नसलं तर आमच्या मंडळीची सभा संपत नाही. गेल्या खेपेला खुर्च्या कमी का पडल्या त्याचं कारण सापडेपर्यंत दिवेलागण झाली होती.

मथुरा: खुर्च्यांना कोन सापडला?

हरिश्चंद्र: शिपाई.

मथुरा: त्यानं अंगठा लावलान?

हरिश्चंद्र: त्याला सही येते.

मथुरा: आयका, शेक्रेटरी. हा कागद सभेत वाचलात का मिरजोळ्यापासून पावसपर्यंत एक मानूस मला मोहोराखाली उभी करायचा नाय. राखन गेली का खोपटी गेली. खोपटीत माझा घोव गंगाराम पाय मोडून पडलाय दिवाळीपासनं. त्याला घेऊन मी कुटं जाऊ, तां पन लिवा त्या कागदात. जागा हाय खाली.

तात्या: मथुरे, तुला बागेतून कोण काढतंय?

मथुरा: तुमी नाय काढायचात. सभा काढील, नि मंग तुमचा नाय चालायचा.

हरिश्चंद्र: हे बघ, भावना बाजूला ठेव. शास्त्र काय सांगतं? तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत. त्यांना धरून ठेवणारा तिसरा लागतो. इथे तो तिसरा म्हणजे रिठा. ज्या अर्थी धरलं नाही, त्या अर्थी रिठा कमी. यात चर्चेला जागा कुठे आहे?

मथुरा: तां शास्त्र मीच सांगितला व्हता तुमाला, तीन सालांमागं, त्या विहिरीवर बसून. तवा तुमी माशाच्या तेलाचा साबन घेऊन फिरत व्हतात.

तात्या: ते खरं आहे. तो साबण मीच नको म्हटला. पहिला आंबा देवापुढे जातो, त्याच्या मोहोरावर मुशीचं तेल कसं मारू? म्हणून उंडी.

मथुरा: आमी मुशी खातो, आमच्या देवाला चालला असता. पन झाडा तुमची. मंग मी उंडीच्या तेलाला धरनारा शोधला. शिकेकाई करून बगितली, उतरली. नुसता रिठा केला, दोन दिस टिकला. रिठ्यात काजूचा डिंक भिजवून घातला, तवा दूध झाला. बाटलीत भरून ठेवला खोपटीच्या खिडकीत. आठ दिस ना साय, ना थर. दोन सालं तुमच्या नव्वद झाडांवर मारतेय मी. एक तुरा करपला काय, तात्यानू?

तात्या: एकही नाही.

मथुरा: मंग रईवारीच मला रिठे मोजता येईनासे झाले?

हरिश्चंद्र: माणूस आहे. होतं असं.

मथुरा: मानूस मी एकटीच व्हते काय तिथं? घुसळला कोनी?

हरिश्चंद्र: मी. जाहीर प्रयोग होता. तो मजूर बाईच्या हातून करवला असता, तर त्याला प्रयोग कोण म्हणालं असतं? पण पद्धत तंतोतंत तू सांगितलेली. तेल सुतासारखं सोडलं, रवी एकाच दिशेने फिरवली. पंधरा मिनिटं, घड्याळ लावून.

मथुरा: हात बरा चालत व्हता तुमचा. तां मी कबूल करते, लिवून घ्या. पन डोळे घड्याळावर व्हते. दूध घड्याळात व्हत नाय. रवीखाली आवाज बदलतो, चुरचुर येते, फेस जड पडतो. तुमच्या हंड्यात पानी नुसता डुबुकडुबुक करत व्हता, नि वर तेलाचे डोळे तरंगत व्हते, हे एवढे. मी उठून काय बोलले?

हरिश्चंद्र: आठवत नाही.

मथुरा: तुमची ती लाल वही हाय ना, सगळा टिपून ठेवता ती? बगा तिच्यात.

हरिश्चंद्र: त्या वहीचा इथे संबंध नाही.

तात्या: बघा हो. मलाही कळू दे. मी तेव्हा पाहुण्यांना सरबत देत होतो.

हरिश्चंद्र: 'नऊ वाजून दहा मिनिटे: घुसळण्यास आरंभ. नऊ वीस: मिश्रणास पांढुरका रंग. नऊ बावीस: एका मजूर बाईने "फेस धरत नाही, पंपात घालू नका" असे ओरडून प्रयोगात व्यत्यय आणला. तिला बसवण्यात आले. नऊ पंचवीस: इमल्शन उत्तम तयार झाले.'

तात्या: उत्तम?

हरिश्चंद्र: ते कलम मी आदल्या दिवशीच लिहून ठेवलं होतं. वेळ तेवढी घातली.

मथुरा: आयकलात, तात्यानू? बसवन्यात आले. पोत्यासारखी. गडी केरू पंप ओढत व्हता. हंड्यातला सगळा पिंपात वतलेला, नळी पिंपाच्या तळाला. पैल्या झाडांवर नुसता पानी उडाला, तुडतुडे न्हाऊन खूश झाले. तेल वर तरंगत व्हता तो सगळा शेवटच्या पाचांवर. ती पाच जळली. मी बोलले तवा गप बसवलात. आता जळला तवा मला म्हनता, बोल, कबूल कर.

हरिश्चंद्र: आवाज खाली. बरं, क्षणभर धरून चालू, की रिठे पुरेसे होते. मग फेस का धरला नाही?

मथुरा: हां. आता इचारलात. तां रईवारी इचारायचा व्हता. मी शनवारी दुपारी रिठे भिजत घातले. हंडा काठापासनं चार बोटं उना ठेवला, फुगतात म्हनून. सकाळी बगते तर हंडा काठोकाठ, नि टरफलां हातात घेतली तर पिळून चोथा झालेली. पानी बगावा तर विहिरीतल्यासारखा. मी डिंक घालून घुसळायला तुमच्यासमोर आनला तवाच सांगनार व्हते. तुमी म्हनलात, बाजूला हो, फोटो काढायचाय.

तात्या: हंडा रात्री कुठे होता?

मथुरा: तुमच्या मागल्या दारी, तात्यानू. विहिरीजवळ. मी खोपटीत नेत व्हते. शेक्रेटरी नको म्हनले.

हरिश्चंद्र: मंडळीच्या प्रयोगाचं साहित्य खोपटीत ठेवता येत नाही. घटनेत तसं कलम आहे. ते प्रतिष्ठित सभासदाच्या घरी असावं लागतं.

मथुरा: व्हता प्रतिष्ठित घरी. तात्यानू, एक इचारू? राग नाय ना यायचा?

तात्या: विचार.

मथुरा: तुमचा मुकटा आज लय उजळ दिसतो.

तात्या: हो ना, सकाळी नेसताना मलाच वाटलं. पार तेलकट झाला होता, समईजवळ बसून बसून. आता बघ कसा, लग्नातला वाटतो. पुतण्याची मुंज आलीय ना, आमच्या हिनं मध्ये सोवळ्याची सगळी वस्त्रं...

हरिश्चंद्र: सगळी वस्त्रं काय?

तात्या: थांबा जरा. आत विचारून येतो.

हरिश्चंद्र: मथुरे, तू काय सुचवतेयस, कळतंय का तुला?

मथुरा: मी कुटं सुचवलाय? मी मुकट्याला चांगला म्हनले.

हरिश्चंद्र: मोठ्या घरावर असा आळ घ्यायचा नसतो.

मथुरा: बारक्या घरावर घ्यायचा असतो काय? तुमी आळ घेतलात तवा आधी शाई आनलात. मी अजून तोंडातनं शब्द काढला नाय, नि तुमचा रंग उतरला. शेक्रेटरी, सावलीत सरा.

तात्या: विचारलं.

हरिश्चंद्र: मग?

तात्या: शनिवारी तिन्हीसांजेला धुतली. अकरा वस्त्रं. माझे दोन मुकटे, तिची पाच, तिच्या सासूबाईंचा ठेवणीतला शालू आणि देवाची तीन. मी म्हटलं, अगं, ते रिठे फवारणीचे होते. तर म्हणते, या घरात रिठे सोवळ्यासाठीच भिजत आले, झाडांची अंघोळ मला काय ठाऊक? आणि उणा हंडा रात्री मागल्या दारी ठेवू नये, म्हणून विहिरीचं पाणी ओतून काठोकाठ भरून ठेवलंन. वर फूलही ठेवलंन एक.

मथुरा: फूल बगितला मी. म्हनला, देवाची कृपा.

तात्या: तिला वाईट वाटलंय. आतच बसलीय.

हरिश्चंद्र: ठीक आहे. ठीक आहे. हा घरगुती गैरसमज झाला. याची वाच्यता नको. मी असं करतो, मथुरेचं नाव काढतो आणि लिहितो, 'कारण अज्ञात'.

मथुरा: अज्ञात कसा? तिघांना ठाऊक हाय, चौथी आत बसलीय.

हरिश्चंद्र: अगं, सभेच्या अहवालात सोवळ्याचा उल्लेख कसा करणार? चाळीस माणसांसमोर एका घरंदाज बाईच्या धुण्याची चर्चा? हा अहवाल मुंबईला जातो.

मथुरा: माझा नाव मुंबईला जात व्हता तवा कोनाची बोट नाय बुडाली. हलगर्जी, कमी घातलान, कबूल केलान. तां सगळा घरंदाज व्हता. काकूंनी चोरी नाय केलानी, चूक केलानी. तशी चूक माझ्या हातनं झाली असती तर मीच सांगितला असता. पन 'अज्ञात' लिवलात तर लोक काय म्हनतील? रिठ्याचाच काय खरा नाय. नि रिठा म्हनजे कोन? मीच. मंग अंगठ्याबिगर गेले मी कामावरनं.

हरिश्चंद्र: तात्यासाहेब, तुम्हीच समजवा हिला.

तात्या: काय समजवू? पाच कलमं माझी गेली, हरिभाऊ. नव्वद झाडं दोन वर्षं हिनं राखल्यान. आणि मी चार दिवस तुमच्या बरोबरीनं मान डोलावत बसलो, तिचंच काहीतरी चुकलं असणार म्हणून. तो मुकटा अंगावर घालून.

हरिश्चंद्र: पण लिहायचं काय? सभेला काहीतरी पुरावा लागतो.

तात्या: लिहा, 'रिठ्यात दोष नव्हता. रिठ्याचे सत्त्व आदल्या संध्याकाळी श्री. आठल्ये यांच्या घरी अन्य कामी वापरले गेले.' खाली सही माझी घ्या. कुणी पुरावा मागितला तर रविवारी मी हाच मुकटा नेसून येतो. उजेडात उभा राहीन.

हरिश्चंद्र: सभेत? मुकटा नेसून?

तात्या: शालू नेसून तर येत नाही ना.

हरिश्चंद्र: लिहितो. 'अन्य कामी.' हं. झालं. मथुरे, आता तुझं समाधान? तो पहिला कागद फाडतो. आणि वहीतली ती ओळही खोडतो, व्यत्ययाची. उगाच कटुता नको.

मथुरा: तीच नका खोडू.

हरिश्चंद्र: का? त्यात तुला बसवल्याचं आहे.

मथुरा: असू दे. नऊ बावीसला कोनीतरी सांगत व्हता, तेवढा एकाच जागी लिवलेला हाय. 'एका मजूर बाईने' खोडा, नि तिथं माझा नाव घाला. मंग दाखवा, अंगठा कुटं लावायचा.