लाल होडीपासून डावीकडे

माझ्या काकांना पत्ता विचारायची चूक तुम्ही कधी करू नका. किहीमजवळच्या एका शाळेत माझी मुलाखत होती, बीएड झाल्यावरची पहिलीच, सकाळी दहाला. मोबाइलवरचा मॅप मला थेट समुद्रात उतरवत होता, म्हणून काकांना विचारलं. ते ठामपणे म्हणाले, "किनाऱ्याच्या रस्त्याला लाल होडी ओढून ठेवलीय. तिथून डावीकडे."

त्या रस्त्यावर मी स्कूटरने तीन चकरा मारल्या. होडीच नाही! पावणेदहाला काकांना फोन केला.

"होडी न्हाय? मग गेली असंल. परवा नारळी पुनव झाली ना!"

"काका, पत्ता सांगताना समुद्रात जाणारी वस्तू सांगतात का?"

"अगं, पावसाळाभर तिथंच व्हती! कुनाला तरी विचार, होडी कुठं व्हती ते."

हा काय प्रश्न झाला? तरी जाळं दुरुस्त करत बसलेल्या एका मावशींना विचारला. त्यांनी समोरच्या मोकळ्या वाळूकडे बोट दाखवलं. "ही काय, इथंच व्हती. दिसत न्हाय?"

दिसत नव्हती, पण वळले. शाळेत पोचले तेव्हा सव्वादहा झाले होते. मुख्याध्यापिकाबाईंनी उशिराचं कारण विचारलं. मला खोटंही सुचेना. म्हटलं, "मॅडम, होडी जागेवर नव्हती."

त्यांनी मान डोलावली. "हो ना, सकाळपासून तुम्ही तिसऱ्या. बसा."

नोकरी मिळाली. नेमणूकपत्रावर शाळेचा पत्ता छापलाय, लाल होडीजवळ.