पांडूला गोळी कुठे लागली

ऐका तर! मिठाच्या सत्याग्रहात आमच्या किनाऱ्यावर गोळीबार झाला आणि शेजारच्या धाकूमावशीचा पांडू गेला. आळीतल्या बायकांत वाचता येणारी मी एकटी, म्हणून मावशी दोन वर्तमानपत्रं घेऊन माझ्या ओटीवर आली. "काय लिवलंय माझ्या पोराचं? वाच."

पहिल्यात होतं, दंगेखोरांनी दगडफेक केली.

"त्याच्या डोक्यावर बोंबलांची पाटी होती गो! दगड कंच्या हातानं मारील?"

दुसऱ्यात लेखकाने लिहिलं होतं, वीरमातेने ओवाळून धाडलं, पुत्राने हसत छातीवर गोळी झेलली.

मावशी उसळली. "पाठीत लागली! शेवटची आंघोळ मीच घातलीय त्याला. आन् ओवाळलं कवा? किनाऱ्यावरचे वाळलेले बोंबील काढून आण, म्हणून मीच पिटाळला."

मांडीवरचा बाळ मी घट्ट धरला. उद्या शाळेत हेच शिकून हाही छाती काढून उभा राहायचा! संतापून म्हटलं, "मावशी, हे लिहिणाऱ्या दोघांतला एकही इथे फिरकला नव्हता."

"मग तू लिव."

वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेला मी लिहिलं: पांडू बोंबील आणायला गेला होता, गोळी पाठीत लागली. मावशीने माझ्या चुलीवरच्या तव्याच्या काजळीवर अंगठा घासून खाली उठवला.

"दाखव आता त्यांना. त्यांच्यापाशी हाय का साक्षीदार?"