नकली ग्राफिक्स कार्डाबाबत पुरवणी जबाब

नाव: वरच्या रकान्यात लिहिल्याप्रमाणे. ओळखीतले सगळे फ्रेम्या म्हणतात.
वय: एकोणीस. धंदा: शिक्षण, कॉलेजचं दुसरं वर्ष.
पत्ता: दुसरा मजला, जिन्यासमोरची खोली, आई-बाबांसोबत.

मी समक्ष हजर राहून सांगतो की, परवा मी याच पोलीस ठाण्यात नकली ग्राफिक्स कार्ड विकल्याची तक्रार दिली होती. तिच्याबद्दल हा पुरवणी जबाब देत आहे. माझं शिक्षण इंग्लिश मीडियममधून झालं आहे. मराठी बोलता येतं, हाताने लिहिलेलं वाचायला वेळ लागतो. मी जसं बोलतो तसंच त्या लिहून घेतील, पण मी भरकटायचं नाही, असं हवालदार मॅडमनी सांगितलं आहे.

माझा गेमिंगचा कॉम्प्युटर सात वर्षं जुना आहे. दोन महिन्यांपूर्वी त्याचं ग्राफिक्स कार्ड गेलं. आधी स्क्रीनवर हिरव्या रेघा आल्या, मग काळोख. तेव्हापासून मी कार्डाशिवाय चालवत होतो. त्यासाठी स्क्रीनची केबल कॉम्प्युटरच्या मागे, मदरबोर्डच्या पोर्टमध्ये लावली होती. असं केलं की चित्र दिसतं, पण गेम धड चालत नाही. सेकंदाला सोळा फ्रेम्स, म्हणजे सोळाच चित्रं, मिळायच्या. साठ तरी लागतात. आमच्या टीमने मला बदली खेळाडू केलं.

दोन महिने मी कार्ड निवडत होतो. वहीत तेवीस कार्डं लिहिली होती. माझा पॉवर सप्लाय साडेचारशे वॅटचा आहे, त्यामुळे त्यातली नऊ बाद. कॅबिनेटमध्ये सव्वीस सेंटिमीटर जागा आहे, आईच्या शिवणाच्या टेपने तीनदा मोजली, त्यात अजून सहा बाद. जेवताना पण माझं तेच चालायचं. बाबा म्हणाले, "एवढी चौकशी तर तुझ्या आईने माझीपण केली नव्हती." आई म्हणाली, "तेच तर चुकलं." हे लिहायची गरज नाही असं मॅडम म्हणाल्या. तरी आता लिहिलं गेलं आहे.

शेवटी जे कार्ड पक्कं केलं ते नवीन परवडणारं नव्हतं. सेकंडहँडच्या जाहिरातींत एका ताईंचं सापडलं. त्या व्हिडिओ एडिटिंग करतात आणि प्रिंटिंग प्रेसच्या वरच्या खोलीत राहतात. त्यांना दुसऱ्या शहरात नोकरी लागली होती आणि तिथे मशीन ऑफिसचं मिळणार होतं, म्हणून कार्ड विकत होत्या. रविवारी दुपारी तीन वाजता मी तिथे गेलो. मी म्हटलं, फुल लोडवर अर्धा तास चालवून दाखवा. त्यांनी चालवलं. टेंपरेचर एकाहत्तरवर थांबलं. खाली प्रेसचं मशीन चालू होतं, त्याने टेबल हलत होतं, म्हणून त्यांनी अर्धा तास कॅबिनेटवर हात ठेवला होता. सप्लाय किती वॅटचा, लांबी मोजलीस का, असं त्यांनीच मला विचारलं. दोन महिन्यांत असे प्रश्न मला दुसऱ्या कोणी विचारले नव्हते.

निघताना त्यांनी कार्ड त्याच्या मूळ खोक्यात घातलं आणि एका कागदावर काहीतरी लिहून तो आत ठेवला. म्हणाल्या, "बसवायच्या आधी चिठ्ठी वाच हां." मी हो म्हटलं.

घरी पोचलो सव्वापाचला. खोकं उघडलं. चिठ्ठी मराठीत होती, हाताने लिहिलेली. मी ती परत खोक्यात ठेवली.

कॅबिनेट टेबलाच्या खणात आहे आणि मागे भिंत चार बोटांवर. कार्ड बसवायला ते बाहेर काढलं होतं, पण केबल लावली ती परत आत सरकवल्यावर, न बघता, चाचपून. मग गेम लावला. सोळा फ्रेम्स. रीस्टार्ट केला, कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, म्हणजे ड्रायव्हर, दोनदा टाकला, गेम काढून परत टाकला. सोळा. कार्डाचं नाव स्क्रीनवर बरोबर दिसत होतं, पण ते किती काम करतंय ते बघितलं तर झीरो पर्सेंट. जुन्या कार्डावर नवीन कार्डाचं नाव चढवून विकतात, हे मला माहीत होतं. त्यावरचे अकरा व्हिडिओ मी निवडायच्या वेळीच पाहिले होते. त्यामुळे दुसरं काही असू शकतं असं माझ्या डोक्यात आलं नाही. हा झीरो पर्सेंटचा फोटो मी तक्रारीला पुरावा म्हणून जोडला होता.

संध्याकाळी सात वाजता ताईंना फोन केला. बोलणं असं झालं.

"ताई, कार्ड नकली आहे."

"अरे, तुझ्यासमोर चालवलं ना? केबल कुठे लावलीयस?"

"मी सात वर्षं हे करतोय. मला केबल शिकवू नका."

"बरं. चिठ्ठी वाचलीस का?"

"चिठ्ठीने फ्रेम्स वाढत नाहीत."

एवढं बोलून मी फोन कट केला. सात वाजून दहा मिनिटांनी त्यांचा फोटो आणि नंबर आमच्या गेमिंगच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, फ्रॉड आहे, सोडू नका. ग्रुपमध्ये चार हजार दोनशे मेंबर आहेत. दुसऱ्या दिवशी सकाळी तक्रार दिली.

आज मला कार्ड आणि खोकं घेऊन अकरा वाजता बोलावलं होतं. मी पावणेअकरालाच आलो. ताई आधीपासून बाकावर होत्या. मांडीवर फाईल, पायाशी भरलेली बॅग. त्यांना उद्या सकाळी दहाला नोकरीवर रुजू व्हायचं आहे आणि त्यासाठी पोलिसांचा दाखला लागतो. नावावर तक्रार असल्यामुळे तो अडकला होता. आजची साडेपाचची बस आहे. दाखला नाही तर नोकरी नाही, असं ऑफिसने कळवलं होतं. हे मला आज इथे बसल्यावर कळलं. मी कार्ड खोक्यातून काढून बघत होतो, तेव्हा ताई एवढंच बोलल्या, "नीट धर, पंख्याला बोट लागतंय."

बाकावर त्यांचा फोन सारखा वाजत होता. त्यांनी तो पालथा ठेवला. तरी वाजत होता. कोणाचे फोन आहेत ते मी विचारलं नाही.

मॅडमनी जप्तीची यादी करायला खोकं उघडलं. कार्ड एक, प्लॅस्टिकची पिशवी एक, स्क्रू चार, घडी घातलेला कागद एक. मॅडम म्हणाल्या, "यात काय आहे?" मी म्हटलं, माहीत नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मोठ्याने वाचला:

"कार्ड बसवलंस की स्क्रीनची केबल कार्डाच्याच पोर्टमध्ये लाव, खालच्या आडव्या. वरच्या उभ्यात नाही, तो मदरबोर्डचा. हाताला सवय असते, हात वरच जातो. मी पहिल्यांदा तेच केलं आणि दोन दिवस दुकानदाराशी भांडले. बिचारा. आता मजा कर."

त्यानंतर मी मोबाईलमधले तक्रारीचे फोटो एकेक करून बघितले. पाय हलवणं बंद कर, असं मॅडमनी दोनदा सांगितलं.

घरी जाऊन तपासायची गरज पडली नाही. तक्रारीला मी नऊ फोटो जोडले होते. सहावा फोटो कॅबिनेटच्या मागचा आहे. मोबाईल धरलेला हात भिंतीच्या फटीत घालून मीच काढला होता. त्यात केबल वरच्या उभ्या पोर्टमध्ये आहे. माझं जुनं कार्ड गेल्यावर तो पोर्ट मीच सेटिंगमध्ये चालू केला होता, म्हणून स्क्रीन काळी झाली नाही. कार्डाचे तिन्ही पोर्ट रिकामे दिसतात. कार्ड बसवलं आहे हे नीट दिसावं म्हणून त्यांच्याभोवती मी स्वतः लाल गोल काढला होता. हा फोटो मी ग्रुपवर टाकला नव्हता. ताईंचा टाकला होता.

ताईंनी मला विकलेलं कार्ड अस्सल आहे. त्यांनी मला फसवलं नाही. चूक माझी आहे. तक्रार मी मागे घेत आहे. यासाठी कोणी माझ्यावर दबाव टाकलेला नाही.

ग्रुपवरची पोस्ट मी आज दोन वाजून वीस मिनिटांनी काढली. ती तीनशे बारा जणांनी पुढे पाठवली आहे, ती काढता येत नाही. मी ताईंना म्हटलं, तुमचा फोटो टाकून सॉरी लिहितो. त्या म्हणाल्या, "माझा फोटो आता चांगल्या कामासाठीपण टाकू नकोस." म्हणून फक्त माझं नाव आणि सहावा फोटो टाकला. आतापर्यंत सातशे लोक हसले आहेत. कार्ड परत घेता का, असंही मी विचारलं. त्या म्हणाल्या, "मी कुठे लावू? घेऊन जा." कार्ड मला परत मिळालं. चिठ्ठी फाईलला लावली आहे. तिचा मोबाईलवर फोटो काढू द्यावा अशी मी विनंती केली. मॅडमनी काढू दिला.

ठाण्याचे मोठे साहेब साडेचारला आले. दाखला टाइप करून टेबलावर ठेवला आहे. त्यावर सही करायला त्यांना हा जबाब सोबत जोडलेला पाहिजे. आता चार वाजून बावन्न मिनिटं झाली आहेत. बसस्टँड इथून पंधरा मिनिटांवर आहे.

जबाब मॅडमनी मला मोठ्याने वाचून दाखवला. बाकापर्यंत ऐकू गेला. मी पेन उचललं तेव्हा मॅडम म्हणाल्या, सही करायच्या आधी स्वतः वाच. मी म्हटलं, ताईंना उशीर होईल. ताई म्हणाल्या, "वाचू दे त्याला." म्हणून मी वाचला. हाताने लिहिलेलं मराठी आहे, वेळ लागला. पाच वाजून एक मिनिट झालं. एकही ओळ सोडली नाही. सांगितलं तसंच लिहिलं आहे आणि खरं आहे.