माहेराकडचा वारा

बहीण: आणि त्या ताडपत्रीखाली काय झाकलंयस, दादा?

भाऊ: लाकडं. भट्टीवर दुसरं काय असणार?

बहीण: लाकडांना मधे भोक कधीपासून पडायला लागलं?

भाऊ: ...जुनी टायरं आहेत. बरं मग? अवकाळीनं सगळं सरपण भिजलं. विटा काय फुंकर मारून भाजू?

बहीण: टिल्ली दवाखान्यात आहे. श्वास घेते तेव्हा पोरीच्या बरगड्या दिसतात.

भाऊ: आणि सख्ख्या मामाला एक फोन नाही?

बहीण: काय सांगू फोनवर? तिच्या केसांना येतो तो वास माझ्या ओळखीचा आहे, म्हणून?

भाऊ: अगं, नदीकाठाला माझी एकट्याची भट्टी आहे का? रांग लागलीय. वर शहरातल्या गाड्या, रस्त्यांची धूळ. सगळं पाप मामाच्याच माथी?

बहीण: शहराचं मी विचारतच नाहीये. एका पोरीपुरतं बोल.

भाऊ: मजल्यावर मजले चढवताना कुणी धूर विचारला नाही. तेव्हा विटा गोड लागल्या.

बहीण: खरंय. मीही त्यातल्याच एका मजल्यावर राहते. लग्न नवं होतं तेव्हा इकडून वारा सुटला की खिडकीत उभी राहायचे. सासूबाई म्हणायच्या, आला गं बाई माहेरचा सांगावा. आता त्याच वाऱ्याला ओलं फडकं आडवं लावते. मी कुणाच्या तोंडावर दार लावतेय, कळतंय तुला?

भाऊ: असं नको बोलूस, माये.

बहीण: मग टायरं घालू नकोस.

भाऊ: निम्मी गेलीत आत. पहाटेच पेटवली.

बहीण: काढ बाहेर.

भाऊ: भट्टी म्हणजे चूल नव्हे, पाणी मारलं नि विझली. एकदा पेटली की ती आपल्या चालीनं जळते. कुणाच्या बापाचं ऐकत नाही.

बहीण: आणि ही उरलेली?

भाऊ: ती नाही घातली तर वरचे थर कच्चे राहतील. पहिल्या पाण्याला चिखल.

बहीण: राहू देत.

भाऊ: सहज म्हणालीस. सगळा हंगाम थापलाय आम्ही तो. ...बरं. राहू देत. नाही घालत. टिल्लीची शपथ— नको, तिची नको. माझी.

बहीण: आत गेलेली मात्र जळणारच.

भाऊ: जळणार. कधी सोडतायत तिला?

बहीण: उद्या. पण लगेच घरी नेऊ नका म्हणाले. थोडे दिवस शहराबाहेर ठेवा, मोकळ्या हवेत. आजोळ आहे का, विचारलं डॉक्टरांनी.

भाऊ: तू काय म्हणालीस?

बहीण: आहे म्हणाले. आणि तडक इकडे आले.