संजूचा आवाज

मलकापूरच्या त्या रॉक बँडचा राग मला अजून येतो, म्हणून सांगतो. अल्बम अर्धा झाला असताना त्यांचा गायक संजू अपघातात गेला. पोरांनी त्याचा रेकॉर्ड केलेला आवाज पुसला आणि तीच गाणी नव्या गायकाकडून गाऊन घेतली. वर प्रकाशनाला संजूच्या आईचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार!

मी गिटारवाल्याला धरलं. "काऊन पुसला बे?"

"सर, अल्बममंदी एकच आवाज पाह्यजे न."

गाणी वाजून झाली. नवा गायक संजूच्या आईच्या पाया पडला. "काकू, संजूदादासारखं जमलं न?"

"हाव बाबू, चांगलं जमलं. पण वरच्या सुरात त्याचा आवाज फाटे. तुहा फाटत नाही. तेवढं तरी ठेवाचं होतं."